घरच्या हीट पंपाचं डक्टिंग आणि आवाज: बेळगाव भागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मी डक्टचं, म्हणजे मशीनमधून खोल्यांपर्यंत हवा नेणाऱ्या मोठ्या नळ्यांचं, काम करतो. लोकांचे फोन येतात ते बहुतेक वेळा काम झाल्यावर. "मशीन चांगलं आहे हो, पण रात्री झोप लागत नाही." तोवर छत बंद झालेलं असतं, रंग लागलेला असतो आणि दुरुस्ती महागात पडते. खरं तर घरात किती आवाज होणार हे मशीन घरी येण्याआधीच ठरलेलं असतं. डक्ट किती मोठा आणि हवेला परत यायला वाट किती, यावर ते ठरतं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

आपल्याकडे थंडी ती किती! हीट पंपाची गरज आहे का?

केवळ थंडीसाठी घ्यायचा म्हणाल तर विचार करा. पण हीट पंप म्हणजे वेगळं काही यंत्र नव्हे. उन्हाळ्यात खोली गार करणारा एसीच हिवाळ्यात उलटा चालतो, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. दुकानात त्याला 'हॉट अँड कोल्ड' म्हणतात. आपल्याकडे विकले जाणारे बरेच एसी फक्त गार करणारे असतात, त्यामुळे पावती करण्याआधी हे नीट विचारून घ्या.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर ही थंडी जाणवते. एवढ्या तापमानाला हीट पंप अगदी मजेत चालतो, कारण बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरायचा प्रश्नच क्वचित येतो. साधा रूम हीटर एक युनिट वीज खाऊन एकाच युनिटाची उष्णता देतो. हीट पंप तेवढ्याच विजेत साधारण तीनपट उष्णता आणून देतो.

मात्र मशीन किती टनाचं घ्यायचं हे उन्हाळ्यावरून ठरवा. अथणी-गोकाककडे तर उन्हाळाच खरा. उलट खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिकडे हवेतला दमटपणा काढणारा 'ड्राय' मोड जास्त उपयोगी पडतो.

भिंतीवरचा स्प्लिट बरा की डक्टेबल?

दोनच खोल्यांचं काम असेल तर भिंतीवरचे दोन स्प्लिट लावा आणि मोकळे व्हा. डक्टचा खर्च तिथे वसूल होत नाही. तीन-चार खोल्या असतील, घर नवीन बांधताय किंवा फॉल्स सीलिंग होणारच आहे, तर डक्टेबल, म्हणजे एकाच मशीनमधून डक्टने सगळ्या खोल्यांना हवा देणारं, शोभतं आणि नीट केलं तर ते स्प्लिटपेक्षा शांतही असतं, कारण पंखा खोलीत नसून पॅसेजच्या किंवा बाथरूमच्या छतावर असतो. छताच्या वर एक ते सव्वा फूट मोकळी जागा लागते. स्लॅब दहा फुटांवर असेल तर जमतं. साडेनऊ फुटांवर असेल तर फक्त पॅसेजचं छत खाली घ्या आणि खोल्यांमध्ये भिंतीच्या वरच्या पट्ट्यातून हवा सोडा.

डक्टचा आकार कसा ठरवायचा?

इथे जरा थांबून वाचा, कारण आवाजाचं मूळ इथेच आहे.

एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, त्यालाच मिस्त्री ४०० सीएफएम म्हणतात. दोन टनांना ८०० सीएफएम. ही हवा डक्टमधून किती वेगाने धावते त्यावर आवाज ठरतो. दुकानात-हॉलमध्ये मिनिटाला १,२०० फूट वेग चालून जातो. घरात मुख्य डक्टमध्ये ७०० च्या आसपास, त्यातून एकेका खोलीकडे जाणाऱ्या फाट्यात ५०० आणि खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीच्या तोंडाशी ३०० ते ४०० एवढाच ठेवावा.

आता हिशेब मांडू. ८०० ला ७०० ने भागलं की १.१४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १६५ चौरस इंच. १४ बाय १२ इंचाचा डक्ट झाला. त्यातून एका बेडरूमला २०० सीएफएम द्यायचे असतील तर ५०० ने भागून ०.४ चौरस फूट, म्हणजे १० बाय ६ इंचाचा फाटा.

बरेच मिस्त्री पत्रा वाचवायला किंवा सीलिंगवाल्याने उंची दिली नाही म्हणून हाच डक्ट १२ बाय ८ करतात. मग तीच हवा ७०० ऐवजी १,२०० फुटांनी पळते, घर सुसाटतं आणि मालक मशीनला दोष देतो. पंख्याच्या बाबतीतही तसंच. त्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला तर आवाज जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो, निम्मा झाला तर १५ डेसिबलने. मोठा डक्ट, सावकाश पंखा, शांत खोली, हे एकमेकांना बांधलेलं आहे.

उंची कमी असेल तर रुंदी वाढवा, पण रुंदी उंचीच्या चौपटीपलीकडे नेऊ नका. फार चपटा डक्ट हवेलाही अडवतो आणि त्याचा सपाट पत्रा डफासारखा वाजतो.

हवा परत येण्यासाठी वेगळी वाट खरंच लागते का?

लागते. मी बघितलेल्या आवाजाच्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त याच एका चुकीतून आलेल्या आहेत. हवा खोलीत ढकलायचा डक्ट सगळे नीट करतात. ती मशीनपर्यंत परत कशी येणार याकडे कुणी बघत नाही. छताला एक १२ बाय १२ ची जाळी मारली की झालं, असं समजतात. मशीन मग दमेकऱ्यासारखं हवा ओढतं आणि तो आवाज जाळीतून सरळ खाली येतो.

दोन टनांच्या मशीनला परतीची जाळी किमान २४ बाय २४ इंचाची हवी. ८०० सीएफएमला ३०० च्या वेगाने २.६७ चौरस फूट मोकळी जागा लागते. जाळीच्या पट्ट्यांनी जागा खाल्ली जाते ती धरली की चार चौरस फूट होतात. ही जाळी मशीनच्या बरोबर खाली ठेवू नका. तिथून मशीनपर्यंत चार-पाच फुटांचा आतून अस्तर लावलेला डक्ट घ्या आणि त्यात एक वळण ठेवा. पंख्याचा आवाज सरळ रेषेत जास्त येतो, वळणावर अस्तरात जिरतो.

दुसरा मुद्दा बंद दारांचा. रात्री बेडरूमचं दार लावलं की आत आलेली २०० सीएफएम हवा बाहेर कुठून जाणार? तीन फुटी दाराखाली पाऊण इंचाची फट असते, म्हणजे २७ चौरस इंच. त्यातून ही हवा मिनिटाला हजारावर फूट वेगाने जाईल आणि दार शिट्टी मारेल. काही घरांत लोक त्या फटीत कापड कोंबतात. शिट्टी थांबते, पण खोली गारही होत नाही आणि गरमही होत नाही. दाराच्या वर किंवा भिंतीत पॅसेजकडे उघडणारी एक जाळी द्या. खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून ती सरळ आरपार न काढता छताच्या वरून अस्तर लावलेल्या छोट्या डक्टने वळवून काढा.

आमचं घर जुनं कौलारू आहे, जांभ्याच्या जाड भिंतींचं. तिथे जमेल का?

जमेल, आणि मला ही घरं आवडतातही. दीड फुटी भिंत बाहेरचा आवाजही आत येऊ देत नाही आणि उष्णताही. अडचण माळ्यावर आहे. उन्हाळ्यात कौलांखाली हवा तापून भट्टी होते. त्या माळ्यावरून गार हवेचा डक्ट उघडा नेला तर निम्मं काम वाटेतच वाया जातं. तिथे किमान १९ मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबराचं वेष्टन हवं, सांध्यांवर चिकटपट्टी बारकाईने लावून. खानापूरच्या पावसाळी हवेत वेष्टनाला एक चीर राहिली तरी पत्र्यावर घाम सुटतो आणि खालच्या लाकडी पाटणीवर डाग पडतात.

मशीन वाशांना किंवा तुळईला टांगू नका. लाकूड थरथर पकडतं आणि सगळ्या घरभर पोचवतं. दोन दगडी भिंतींवर लोखंडी चॅनेल टाकून, खाली रबरी पॅड देऊन त्यावर मशीन बसवा. पाईप बाहेर काढायला कौल फोडू नका, गळती कायमची मागे लागते. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीतून काढा. जांभा हातोडी-छिन्नीने फोडला तर मोठा खड्डा पडतो, म्हणून कोअर कटरने भोक पाडा. पाईप भिंतीला टेकता कामा नये, मध्ये फोम भरा.

माळ्यावर उंदीर-घुशी असतील तर तिथे लवचीक डक्ट वापरू नका. कुरतडतात.

जीआय पत्रा, तयार पॅनेल की लवचीक डक्ट?

मुख्य डक्ट जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पत्र्याचा करा. भारतीय मानक आयएस ६५५ प्रमाणे ७५० मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या डक्टला ०.६३ मिलिमीटर, म्हणजे २४ गेजचा पत्रा लागतो. २६ गेजचा, म्हणजे त्याहून पातळ, पत्रा स्वस्त पडतो, पण मशीन सुरू-बंद होताना 'ढुम्म' करतो. उद्यमबागेत पत्र्याचं काम करणारे चांगले हात आहेत. त्यांना डक्टच्या सपाट बाजूंवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत क्रॉस ब्रेक, म्हणजे तिरकी घडी, मारायला सांगा. पत्रा ताठ होतो आणि वाजत नाही.

आतून फॉइल असलेलं फोमचं तयार पॅनेल हलकं असतं आणि त्याला वेगळं वेष्टन लागत नाही, पण त्याचे सांधे सावकाश आणि नीट करणारा माणूस हवा. लवचीक डक्ट शेवटच्या चार-पाच फुटांपुरताच ठीक. तोही ताणून लावा. सैल सोडला, दुमडला की आतल्या सुरकुत्या हवा अडवतात.

आतून अस्तर लावलं की आवाज जातो ना?

बराच जातो, पण योग्य अस्तर लावलं तर. बाहेरून लावायचं बंद छिद्रांचं नायट्राइल उष्णता अडवतं, आवाज फारसा शोषत नाही. आतल्या बाजूला उघड्या छिद्रांचा अकॉस्टिक फोम लागतो, किंवा वरून कापडी आवरण असलेली ग्लासवूल. पश्चिम भागातल्या दमट घरांत मी फोमच सुचवतो, कारण ओल धरलेल्या ग्लासवूलला बुरशी येते. मशीनपासून पहिले दहा फूट आणि परतीचा डक्ट, एवढं अस्तर पुरतं. अस्तर २५ मिलिमीटरचं असेल तर डक्ट दोन्ही बाजूंनी तेवढा मोठा करायचा असतो, नाहीतर वर केलेला सगळा हिशेब बिघडतो. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

आवाज येतोय, पण कशाचा ते कळत नाही. कसं ओळखायचं?

कान लावा, आवाज स्वतःच सांगतो.

शिट्टी येत असेल तर जाळी लहान आहे किंवा तिच्या मागचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धवट बंद आहे. जाळी काढून बघा, शिट्टी थांबली तर जाळी मोठी करा. डॅम्पर जाळीपाशी नको, फाटा जिथे सुटतो तिथे हवा.

सतत एकसुरी घुमणं, जे जमिनीवर उशी टेकली तरी जाणवतं, ते थरथरीचं. मशीन स्लॅबला थेट रॉडने बांधलं असणार. रॉडमध्ये रबरी किंवा स्प्रिंगचे हँगर घाला आणि मशीन व डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड आहे का ते तपासा. तो जोड ताणलेला नको, किंचित सैल हवा.

हिवाळ्यात सुरू केल्यावर 'टक् टक्' येतं ते पत्रा गरम होऊन प्रसरण पावल्यामुळे. डक्ट जिथे लोखंडी पट्टीवर टेकतो तिथे रबर सरकवलं की थांबतं.

गुडगुड आवाज पाण्याच्या पाईपचा असतो. त्याला मशीनजवळ ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारं यू आकाराचं वळण, हवा आणि दर मीटरला एक सेंटिमीटर उतार.

गार करण्यावरून गरम करण्यावर जाताना एक 'फुस्स' येतं. तो आतला व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आहे, त्याची काळजी नको.

एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं, ही तक्रार खूप जणांना सांगायला संकोच वाटतो. दोन बेडरूम एकाच फाट्यावर पाठीला पाठ लावून जोडल्या की असं होतं. नवदांपत्याच्या घरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत याकडे आधीच लक्ष द्या. दोन्ही खोल्यांना वेगळे फाटे द्या आणि प्रत्येकात अस्तर लावलेलं एक वळण घ्या.

बाहेरचं युनिट कुठे ठेवावं? आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आणि दोन घरांमधल्या अरुंद बोळात ठेवू नका. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. बोळात मात्र तो दोन्ही भिंतींवर आपटत राहतो. शिवाय बाहेर फेकलेली हवा तेच युनिट पुन्हा ओढतं, पंखा जास्त पळतो आणि आवाज आणखी वाढतो. मागे फूटभर, पुढे चार-पाच फूट मोकळं ठेवा.

गच्चीवर ठेवायचं तर बेडरूमच्या स्लॅबच्या मधोमध नको. खाली भिंत किंवा बीम असलेल्या रेषेवर, जिन्याच्या किंवा बाथरूमच्या वर ठेवा. आधी काँक्रीटचा ओटा, त्यावर जाड रबरी पॅड, त्यावर युनिट. हिवाळ्यात बाहेरच्या युनिटमधूनही पाणी गळतं. ते शेजाऱ्याच्या अंगणात पडणार नाही हे आधी बघा, त्यावरून भांडणं झालेली मला ठाऊक आहेत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या माणसाला मागाच्या खटखटीची सवय असते, म्हणून काही जण म्हणतात, 'एवढ्याने काय होतंय?' पण माग रात्री थांबतो. युनिट पहाटेपर्यंत घुमत राहतं. लावण्याआधी शेजारच्या काका-काकूंना दाखवून जागा ठरवा.

हिवाळ्यात डोकं गरम आणि पाय गार, असं का होतं?

गरम हवा हलकी, ती छतालाच चिकटते. गार हवेसाठी जाळीच्या पट्ट्या आडव्या ठेवतात, त्या हिवाळ्यात खाली वळवायला हव्यात. म्हणून पट्ट्या हाताने वळवता येतील अशीच जाळी घ्या. जाळीतून येणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला २५० फुटांच्या खाली गेला तर गरम हवा जमिनीपर्यंत पोचतच नाही, तेव्हा शांततेच्या मागे लागून फार मोठी जाळीही नको. परतीची जाळी जमिनीजवळ देता आली तर फार उत्तम. पॅसेजमध्ये कपाटाच्या बाजूने ती सहज बसते.

वीज किती लागेल? गृहज्योतीचं काय?

हिवाळ्यात संध्याकाळी-पहाटे मिळून तीन तास चालवलं आणि सरासरी एक किलोवॅट धरलं तर महिन्याला ९० युनिट. उन्हाळ्यात याच्या दुपटीवर सहज जाईल. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं, हे घरच्यांना आधी सांगा. मंजूर भार पुरतो का ते हेस्कॉममध्ये, म्हणजे आपल्या वीज कंपनीत, विचारा. मशीनला स्वतंत्र लाईन आणि चांगलं अर्थिंग द्या.

काम झालेलं आहे, छत उघडायचं नाही. काही करता येईल का?

आधी फिल्टर धुवा. मग पंख्याचा वेग एक पायरी उतरवा आणि झोपायच्या अर्धा तास आधी मशीन सुरू करा, म्हणजे रात्री त्याला जोरात पळावं लागत नाही. बंद केलेल्या जाळ्या उघडा. एका खोलीची जाळी बंद केली की वीज वाचते असं अनेकांना वाटतं, पण ती हवा बाकीच्या जाळ्यांतून जोराने निघते आणि तिथे आवाज वाढतो. एवढ्याने भागलं नाही तर परतीची जाळी मोठी करा. छताचा एक तुकडाच कापावा लागतो आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

मिस्त्रीकडून काय लिहून घ्यावं?

प्रत्येक खोलीचे सीएफएम, डक्टचे आकार, पत्र्याचा गेज, परतीच्या जाळीचं माप आणि मशीन किती दाबावर हवा ढकलू शकतं तो आकडा. डक्ट लांब आणि मशीन कमी दाबाचं असेल तर शेवटच्या खोलीत हवा पोचत नाही. कामगार बहुतेक कन्नड बोलणारे असतील. त्यांना 'सप्पळ बरबारदु', म्हणजे आवाज येता कामा नये, असं पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेत सांगा, मनावर घेतात.

छत बंद करण्याआधी एक रात्र मशीन चालवून बघायची अट घाला. दहा वाजल्यानंतर, गल्ली शांत झाल्यावर, पलंगावर उशीच्या जागी डोकं ठेवून ऐका. झोपेच्या खोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. फोनवरच्या ॲपचा आकडा तंतोतंत नसतो, पण मशीन बंद असताना आणि चालू असताना किती फरक पडतो हे त्यावर कळतं. काही खटकलं तर त्याच वेळी दुरुस्त करून घ्या, शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

महिन्यातून एकदा. ऊस तोडणीच्या दिवसांत चिकोडी-अथणीकडे धूळ आणि काजळी फार उडते, तेव्हा पंधरा दिवसांनी. घरात किंवा शेजारी माग असेल तर दर आठवड्याला बघा, सुताचा कापूस फिल्टरवर गोधडीसारखा बसतो.